अकरा शाळांचा तक्ता

(काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शिक्षण कार्यालयाबाहेर उभी गाडी. दुपारचे चार. पुढे दोघी बहिणी, मागे थोरलीची मुलगी इत्सेल.)

ग्रासिएला : माझं इंग्रजी मोडकं आहे, पण मी बहिरी नाही. मी म्हणाले, 'पोरीला काढून टाकलं.' तू शिक्षण मंडळाला सांगितलंस, 'मुलगी सोडून गेली.'

नोएमी : ताई, गाडी सुरू कर. माझ्या ऑफिसातले लोक बघताहेत.

ग्रासिएला : बघू देत. मंडळापुढे बोलायला दोन मिनिटं दिली होती मला. संत्र्यांचा हंगाम तोंडावर असताना पेट्या भरायच्या शेडमधून अर्धा दिवस मागून घेतला. आठवडाभर पाठ करत होते काय बोलायचं ते. आणि दुभाषी म्हणून शेजारी येऊन उभी कोण राहिली, तर माझीच बहीण.

नोएमी : नेहमीच्या बाई आजारी आहेत. साहेबांनी मला उठवलं. काय सांगणार होते मी, ही माझी बहीण आहे म्हणून?

ग्रासिएला : हो. तेवढं सांगितलं असतंस तरी चाललं असतं.

नोएमी : कागदावर तेच लिहिलंय. 'पालकांनी स्वखुशीनं मुलीला शाळेतून काढून घेतलं.' खाली तुझी सही आहे.

ग्रासिएला : सही कशी घेतली तेच तर सांगत होते मी. शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावलं, कॉफी दिली. म्हणाल्या, इत्सेल वाचनात मागे आहे, एप्रिलच्या परीक्षेत तिचा फार पाणउतारा होईल. सही केलीत तर तिच्या नावावर काही येणार नाही, नाहीतर सातवी पुन्हा. हे सगळं माझ्या खांद्यावर हात ठेवून. यातलं तू किती सांगितलंस त्यांना?

नोएमी : वेळ संपत आली होती.

इत्सेल : मावशी म्हणाली, 'शाळेशी चर्चा झाली.'

ग्रासिएला : ऐकलंस? वाचनात मागे असलेली पोर तुझ्यापेक्षा नीट भाषांतर करते.

नोएमी : मी शब्दन् शब्द सांगितला असता, तरी मंडळाच्या त्या पाच जणांनी शाळेच्याच बाजूनं मत दिलं असतं. शाळेला आणखी पाच वर्षांची परवानगी द्यायची हे आधीच ठरलं होतं. काउंटीत पहिल्या नंबरची शाळा आहे ती.

ग्रासिएला : पहिला नंबर दिला कुणी? तुमच्याच ऑफिसनं. दर वर्षी अकरा चार्टर शाळांचा तक्ता तूच तर करतेस. फ्रिजवर लावला होता मी तो. तुला विचारलंही होतं, चालवणाऱ्या संस्था वेगळ्या असल्या तरी सगळ्या सरकारच्याच पैशावर चालतात, फी कुठंच नाही, मग एकीचा नंबर पहिला आणि एकीचा नववा कसा? तू म्हणालीस, शिक्षक चांगले आहेत.

नोएमी : तक्त्यात आणखी एक रकाना होता. वर्षाच्या मध्येच किती मुलं गेली, त्याचा. साहेब म्हणाले, पानावर मावत नाही. मी काढला.

ग्रासिएला : काय होतं त्यात?

नोएमी : तुमच्या शाळेत सातवीला सप्टेंबरमध्ये नव्वद मुलं. एप्रिलच्या परीक्षेला चौसष्ट.

ग्रासिएला : हे कधीचं?

नोएमी : दोन वर्षांपूर्वीचं.

ग्रासिएला : इत्सेलचं नाव प्रवेशाच्या सोडतीत निघालं ते गेल्या वर्षी. तू केक घेऊन आली होतीस.

नोएमी : मला वाटलं, ती टिकेल. खरंच वाटलं. आणि तू तरी ऐकलं असतंस? शेडमध्ये सगळ्यांना सांगून बसली होतीस, पोर पहिल्या नंबरच्या शाळेत जाणार म्हणून.

ग्रासिएला : सांगून तर बघायचं होतंस. स्वतःच्या पोरीला, पालोमाला, तू नवव्या नंबरच्या शाळेत घातलंस. मला वाटायचं, घराजवळ आहे म्हणून.

नोएमी : घराजवळ आहेच.

ग्रासिएला : नोएमी.

नोएमी : तिथून कुणी जात नाही. सत्तावन्न येतात, सत्तावन्न परीक्षेला बसतात. म्हणून तर नंबर नववा आहे तिचा.

इत्सेल : मावशी, मी कुठल्या रकान्यात आहे?

नोएमी : कुठल्याच नाही, बाळा. एप्रिलमध्ये जी मुलं वर्गात असतात, तेवढीच धरतात.

ग्रासिएला : आपल्या गल्लीतली शाळा असती तर गुपचूप तिथं परत घातली असती. सगळी पोरं त्या पहिल्या नंबरामागे धावली म्हणून गेल्या जूनमध्ये तिला कुलूप लागलं. आता सोमवारपासून शेजारच्या गावातल्या शाळेत.

नोएमी : पालोमाच्या शाळेत मी बोलते. प्रतीक्षा यादी मोठी आहे, पण तिथल्या बाई मला ओळखतात. इत्सेलचं नाव वर घेता येईल.

ग्रासिएला : आणि जी पोर खाली सरकेल, तिच्या आईला काय सांगायचं? चर्चा झाली म्हणून?

नोएमी : मी मदत करायला बघतेय, ताई.

ग्रासिएला : मघाशी करायची होतीस. माईक तुझ्या हातात होता. उतर आता, तुझं ऑफिस सुटायला अजून तास आहे.

नोएमी : निदान सोमवारी तिला मी सोडते. तू शेडवर जा. पहिल्या दिवशी एकटी नको तिला.

इत्सेल : नको, मावशी. सव्वासहाला कोपऱ्यावरून बस आहे. मी बघून ठेवलीय.