रविवारच्या मॅचचं इंजेक्शन

हाडांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. समोर पन्नाशीचं एक जोडपं बसलं होतं. नवरा पूर्वी फुटबॉल खेळायचा आणि आता एका क्लबाचा मॅनेजर आहे, हे बायकोच्या आवाजामुळे सगळ्यांनाच कळलं.

“स्वतःचा गुडघा दाखवायचाय म्हणून मला सोबत आणलंत, आणि आत तुमच्या स्ट्रायकरला पाठवलंत?”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. क्लबाच्या डॉक्टरांनी त्याला खेळू नको म्हणून सांगितलंय ना? मग इथं चोरून दुखणं दाबायचं इंजेक्शन कशाला?”

“रविवारी हरलो तर मला नारळ देतील.”

“देऊ देत. अठरा वर्षं खेळलात, नऊ वर्षं दुसऱ्यांना खेळवलंत. आज तुम्हाला वाकता येत नाही. रोज सकाळी तुमचे मोजे मी चढवते.”

“माझी गोष्ट वेगळी होती.”

“काय वेगळी? तुमच्या मॅनेजरनं असंच टोचून खेळवलं, म्हणून जन्मभर त्याच्या नावानं बोटं मोडलीत. आता त्याचीच गादी चालवताय!”

“अगं, तो स्वतःच म्हणतोय, मी खेळतो.”

“म्हणणारच. तुमच्यापुढे नाही म्हणायची त्याची छाती आहे का? तुमची होती का?”

नर्स दारात आली. “डॉक्टर विचारतायत, इंजेक्शन द्यायचं ना?”

तो गुडघा चोळू लागला. बाई उठली.

“तू कुठे निघालीस?”

“आत. तुम्हाला टोचलं, तेव्हा मी बाहेर गप्प बसून राहिले होते.”