भांड्यांवरचं नाव

तनुजा : आत्या, सोडा ना ती कळशी! अन्वरभाई निघालेत वर्कशॉपमधून. बुडाला भोक पाडून वायर ओवायची, वर शेड बसवायची, झाला दिवा.

मंजुळाबाई : पाण्याच्या कळशीला भोक? अक्कल गहाण टाकलीस का गं सूनबाई? माळ्यावरची परात दिली, डबे दिले, फोनवर इकलंस समदं. मी काय बोलले का? ही न्हाई द्यायची.

तनुजा : अहो, मारुंजीच्या एका बाईंनी फोटो बघूनच ठरवली. नावासाठी घेतायत, नाव घासू नका म्हणाल्या. सोबत द्यायला कार्डही लिहिलंय. ऐका तरी. ‘ही कळशी माझ्या सासूबाईंची, लग्नात माहेरून आलेली. नाव बघा, मंजुळा.’

मंजुळाबाई : फाड ते.

तनुजा : का? चांगलं लिहिलंय की.

मंजुळाबाई : खोटं हाय. कळशी माझी न्हाई.

तनुजा : ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलंय तुमचं. मला चष्म्याशिवाय दिसतंय!

मंजुळाबाई : नाव बी माझं न्हाई. मंजुळा म्हंजी तुझ्या सासऱ्याची पयली बायको. बाळंतपणात गेली, लेकरासकट. वरीस व्हायच्या आत मला आणली.

तनुजा : पहिली बायको? या घरात कधी कुणी बोललं नाही.

मंजुळाबाई : कोण बोलंल? लग्नात माझं नाव बदलायची येळ आली तवा सासू म्हणली, समद्या भांड्यांवर मंजुळा घातलंय, आता हिच्यापायी पुन्यांदा कोण नावं घालत बसंल? हिलाच मंजुळा म्हना. मांडवात समदे हसले. मी बी हसले, बारकी व्हते.

तनुजा : भांड्यांसाठी तुमचं नाव बदललं?

मंजुळाबाई : व्हय. माझ्या आयनं एक तांब्या दिलता, माझं नाव घातलेला. सासूनं त्यो मोडीत घातला. मग काय, तिच्या ताटात जेवले, तिच्या कळशीनं पाणी वाहिलं. सासूनं हाक मारली की माझ्याआधी माजघरातनं कुणीतरी ओ द्यायचं. लई भ्याले मी. मग सकाळचा पयला तांब्या तिच्या नावानं तुळशीत वतायला लागले, तवा गप झाली.

तनुजा : म्हणजे अजूनही रोज तुम्ही जे पाणी...

मंजुळाबाई : तिलाच. ह्याच कळशीतलं. आता ही गेली की तीबी जाणार, अन् जाताना आपलं नाव घेऊन जाणार. मग तू मला काय म्हणशील?

तनुजा : (फोन लावून) हॅलो, अन्वरभाई? नका येऊ. नाही, कळशी द्यायचीच नाहीये. त्या बाईंना मी सांगते काय ते... आत्या, तुमचं खरं नाव काय हो?

मंजुळाबाई : शेवंता.

तनुजा : किती गोड आहे! आजच नवा तांब्या आणते, त्यावर घालून घेऊ.

मंजुळाबाई : तांब्या ऱ्हाऊ दे. आय गेल्यापासनं कुणी घेतलं न्हाई ते नाव. तू मार बरं एकदा हाक. मोठ्यानं, आय मारायची तशी.

तनुजा : शेवंता! अगं ए शेवंता!... आत्या? रडताय का?

मंजुळाबाई : न्हाई गं. ऐकत व्हते. माजघरातनं कुणी ओ दिली न्हाई.