तिसऱ्या मजल्यासाठी उडी

दोरवाली : खिसे रिकामे करा, आजोबा.

लिफ्टवाला : रिकामेच आहेत.

दोरवाली : चालताना वाजताय तुम्ही.

लिफ्टवाला : हाडं आहेत. या वयात वाजतात.

दोरवाली : हाडांचा आवाज मला ओळखू येतो. काढा. हा एक पाना. हा दुसरा. ही साखळी. आणि ही लोखंडी चाकं कसली?

लिफ्टवाला : लिफ्टच्या दाराची. सरकतं ना दार, त्याची. आठवण म्हणून जवळ बाळगतो.

दोरवाली : चार-चार?

लिफ्टवाला : जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या मी पोरी. चारच आठवणी निघाल्या, हे कमीच म्हण.

दोरवाली : आता परत काट्यावर उभे राहा. एक्केचाळीस किलो.

लिफ्टवाला : काटा बिघडलाय. खालची फळी वाकडी आहे.

दोरवाली : मघाशी शेहेचाळीस भरलात तेव्हा फळी बरी सरळ होती! पंचेचाळीसच्या आतल्या माणसाला मी या पुलावरून सोडत नाही. दोर पुरता ताणला जात नाही, झटका बसतो.

लिफ्टवाला : ताणला जात नाही तो दोर उत्तम! आमच्याकडे दोर ताणला की आम्ही भंगारात टाकतो. तुमच्याकडे ताणतो म्हणून लोक रांगा लावतात. धंदा उलटा आहे तुमचा.

दोरवाली : माणसंच उलटी सोडतो आम्ही. डॉक्टरांचा कागद ठीक आहे, मी फोन करून विचारलं. हृदय ठणठणीत, जीभ त्याहून ठणठणीत, म्हणाले.

लिफ्टवाला : म्हणणारच. तो लिफ्टमध्ये अडकला होता. मी म्हटलं, आधी दाराच्या फटीतून सही केलेला कागद सरकवा, मग दार उघडतो.

दोरवाली : आणि गुडघे? डावा, उजवा, कुठं त्रास?

लिफ्टवाला : दोन्ही नवेकोरे.

लेक : थांबा! अहो, थांबा! त्यांना बांधू नका!

लिफ्टवाला : आली. ही माझी लेक. गाडी शिकवते. तिच्या गाडीत शिकणाऱ्याचा ब्रेक वेगळा आणि हिचा वेगळा. आता घरीसुद्धा हिचा पाय माझ्या ब्रेकवर असतो.

लेक : बाबा, तुमचा निरोप ऐकून भर चौकात विद्यार्थ्याला गाडीतून उतरवून आलेय मी! रिक्षा करून जा म्हटलं त्याला!

लिफ्टवाला : तरी उशीरच केलास. साक्षीदारानं वेळेवर यावं.

लेक : कसली साक्ष? आणि हे कुलूप? हे तुमच्या खोलीचं कुलूप इथं काय करतंय?

लिफ्टवाला : वजनाला आणलं होतं.

लेक : म्हणजे घर उघडं टाकून आलात?

लिफ्टवाला : तिसऱ्या मजल्यापर्यंत चोर येत नाहीत. दमतात.

लेक : चोर दमतात! ऐकलंत ना? धडधाकट, तरणे चोर दमतात, आणि ह्यांना तिथंच राहायचंय. दोन भिंतींमधला बोळासारखा जिना, धरायला काही नाही. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नाही.

लिफ्टवाला : असती तर रविवारीसुद्धा कामावर असतो.

दोरवाली : ताई, तुमचं आधी काही ठरलं होतं का? आजोबा म्हणाले, लेकीची परवानगी आहे.

लेक : परवानगी?

लिफ्टवाला : रविवारी जेवताना काय म्हणालीस? 'जिना चढायचा हट्ट धरताय, उद्या पुलावरून उडी मारीन म्हणाल.' मी म्हटलं, मारली तर? तू हात झटकलास आणि म्हणालीस, 'मारलीत तर राहा खुशाल तिसऱ्या मजल्यावर, मी परत शब्द काढणार नाही.'

लेक : बोलायची रीत असते ती, बाबा!

लिफ्टवाला : तुझी असेल. मी सोमवारीच इथं नाव घातलं.

दोरवाली : काळजी करू नका, ताई. मी त्यांना सोडतच नाहीये. वजन कमी भरलंय.

लेक : तुमच्या तोंडात साखर पडो! चला बाबा. माझ्या घरची खालची खोली रंगवून तयार आहे. पायरी एक नाही. न्हाणीघरात धरायला दांडी आहे.

लिफ्टवाला : खिडकीतून काय दिसतं?

लेक : खिडकी मोठी आहे.

लिफ्टवाला : काय दिसतं, विचारलं.

लेक : आमच्या क्लासच्या गाड्या.

लिफ्टवाला : गाड्या नाहीत, गाड्यांची चाकं. माझ्या खिडकीतून अख्खं शहर दिसतं पोरी. एकेका इमारतीच्या डोक्यावर लिफ्टच्या मशिनची खोली असते, बघितलीस कधी? त्यातल्या निम्म्या मशिनी माझ्या हातच्या. सकाळी दात घासताना सगळ्यांवरून नजर फिरवतो. कुठली कुरकुरतेय, कुठली आज बंद पडणार.

दोरवाली : एवढ्या लांबून कळतं?

लिफ्टवाला : मला कळतं.

लेक : काही कळत नाही. थापा आहेत. ह्यांनी गेल्या महिन्यात काय केलं ते विचारा.

लिफ्टवाला : काय केलं? जिन्यात बसलो होतो. खालच्या मास्तरीणबाईंचा रेडिओ लागला होता.

लेक : दुपारपासून दिवेलागणीपर्यंत? दोन मजल्यांच्या मध्ये? बाई सांगत होत्या, त्यांचा रेडिओ वर्षभर बंद आहे.

लिफ्टवाला : म्हणून तर एवढा वेळ बसावं लागलं. बंद रेडिओला गाणं लागायला उशीर लागतो.

लेक : कुठला गुडघा गेला होता, एवढं तरी सांगा. डावा की उजवा?

लिफ्टवाला : कुठलाच नाही. अगं, पाचव्या मजल्यावरून पडलेला माणूस आहे मी. लिफ्टच्या शाफ्टमध्ये. पडता पडता तिसऱ्या मजल्यावर एक नट ढिला दिसला, तो आवळला आणि मग पुढं पडलो.

दोरवाली : आणि लागलं नाही?

लिफ्टवाला : लागलं ना. नट आवळताना बोट चेमटलं.

लेक : हसू नका हो, ताई. हसलात की दुसरी थाप येते.

लिफ्टवाला : हसू दे तिला. धंद्यातली गोष्ट आहे. लिफ्ट मध्येच अडकली की नवशिका आधी हत्यारं काढतो. मी आधी तोंड उघडायचो. दाराला तोंड लावायचं आणि गोष्ट सुरू करायची. आतला माणूस घाबरून गुदमरतो, लिफ्टनं नाही. एकदा दार उघडलं तर आतले सगळे ओरडले, लावा ते परत, गोष्ट संपू दे.

लेक : झालं? निघायचं?

लिफ्टवाला : वजनाला आणखी काही चालेल का पोरी? पाणी पिऊन येतो. चार किलो पाणी.

दोरवाली : नाही चालणार, आजोबा. खरंच नाही.

लिफ्टवाला : बरं. चल.

लेक : कुठं?

लिफ्टवाला : तुझ्या खालच्या खोलीत. पैज हरलो. माझे पाने दे गं.

लेक : म्हणजे, एवढंच?

लिफ्टवाला : एवढंच.

लेक : आणि ती फळी? वाकडी होती ना?

लिफ्टवाला : फळी सरळ आहे. वजन घटलंय माझं.

लेक : बाबा, असं सरळ बोलू नका.

लिफ्टवाला : मग कसं बोलू? तळमजल्यावरचा माणूस असाच बोलतो. जेवण झालं, औषध घेतलं, झोपतो आता. सवय कर.

लेक : अहो, पंचेचाळीस म्हणजे अगदी पंचेचाळीसच का? जरा इकडे-तिकडे...

दोरवाली : मघाशी माझ्या तोंडात साखर घालत होतात तुम्ही.

लेक : नुसतं विचारतेय.

दोरवाली : एकट्यासाठी पंचेचाळीस. जोडीनं उडी घेतली तर दोघांचं मिळून धरते, दोर त्या बेताचा लावते.

लेक : जोडीला कोण येणार ह्यांच्या?

दोरवाली : मी इथं दोर बांधते, ताई. जोड्या जुळवत नाही.

लेक : मी? मला स्टुलावर चढून बल्ब बदलता येत नाही!

लिफ्टवाला : हिचे बल्ब मीच बदलतो. स्टुलावर चढून.

लेक : ते बंद होणार आहे! ...बाबा, पाने खाली ठेवा. ठेवा म्हणते ना! आणि तुम्ही, काय ते पट्टे असतात ते आणा लवकर, माझं मन बदलायच्या आत.

लिफ्टवाला : भिंगरे, तू राहू दे. तुझं हे काम नाही.

लेक : माझं काम कुठलं ते मी ठरवीन. लहानपणी भिंगरीसारखी फिरते म्हणून नाव तुम्हीच ठेवलंत ना? आता शांत बस म्हणायचं नाही. घ्या हो माझं वजन. मोठ्यानं सांगू नका.

दोरवाली : सांगत नाही. पण हातावर लिहावं लागतं. ठळक. दोर निवडणाऱ्या माझ्या माणसाला लांबून दिसलं पाहिजे.

लिफ्टवाला : अरे वा! लिफ्टला असतं तसं समतोलाचं वजन, काउंटरवेट मिळालं.

लेक : एक शब्द बोललात तर एकटीच उडी मारीन.

दोरवाली : चष्मे काढा. कानातलं काढा. भार कमरेच्या पट्ट्यावर घेते, घोट्यांना नुसता आधार. आता एकमेकांना मिठी मारायची.

लेक : मिठी?

दोरवाली : नाहीतर डोकी आपटतात.

लिफ्टवाला : भांडण चालू असलं तरी?

दोरवाली : चालू असलं तर जास्त घट्ट. पुढं सरका. अजून. पायाची बोटं फळीच्या बाहेर. मी तीन मोजते.

लिफ्टवाला : एकदा काय झालं, एका लिफ्टमध्ये एक पहिलवान...

लेक : आत्ता?

लिफ्टवाला : मोठी गोष्ट आहे. मन लावून ऐक. घाई करू नकोस.

लेक : बाबा, तुम्ही घाबरलात.

लिफ्टवाला : मी? दोराला लटकून जन्म गेला माझा! फक्त ती वरची कडी तेवढी परत एकदा...

लेक : आरसा बघितला. सिग्नल दिला. मागं कुणी नाही.

लिफ्टवाला : म्हणजे काय?

लेक : म्हणजे निघाले!

(दोघं पुलावरून खाली. दोराचे हेलकावे थांबल्यावर, दरीच्या मध्यावर, डोकी खाली करून लटकलेली.)

लेक : बाबा? बाबा! बोला ना काहीतरी!

लिफ्टवाला : हं.

लेक : हं काय? आहात ना?

लिफ्टवाला : बघतो. आहे. ब्रेक दाबत होतीस तू.

लेक : पाय बांधलेत माझे!

लिफ्टवाला : तरी दाबत होतीस. मला कळलं.

लेक : नदी डोक्यावर आलीय बाबा. कधी घेणार हे लोक वर?

दोरवाली : ताई! आजोबा! वर ओढायची दोरी चाकात अडकलीय! घाबरू नका, सोडवतोय आम्ही!

लिफ्टवाला : चाकाच्या बाजूची पट्टी ढिली कर म्हणावं! आधी डावीकडचा...

दोरवाली : ही लिफ्ट नाही, आजोबा! गप्प लटका!

लिफ्टवाला : उद्धट आहे. पोरगी चांगली आहे.

लेक : माझ्या कानात धडधडतंय. गोष्ट सांगा. ती पहिलवानाची.

लिफ्टवाला : आठवत नाही.

लेक : तुम्हाला? गोष्ट आठवत नाही?

लिफ्टवाला : गोष्ट बाहेरच्यानं सांगायची असते, भिंगरे. आतल्याला सुचत नाही. त्या दिवशी जिन्यातही सुचली नाही एक. नुसती भिंत बघत बसलो. बाहेरून कुणी बोलेना.

लेक : मग हाक का नाही मारलीत?

लिफ्टवाला : अडकलेला माणूस हाक मारतो. मी बसलो होतो.

लेक : हो. बसला होतात.

लिफ्टवाला : बसलोच होतो.

लेक : बरं, ऐका मग. एकदा काय झालं, एक लिफ्टवाला पाचव्या मजल्यावरून पडला.

लिफ्टवाला : ती माझी आहे.

लेक : ऐका तर. तिसऱ्या मजल्यावर त्याला ढिला नट दिसला. आवळायला गेला, तर एक गाडी शिकवणारी बाई आधीच तो नट धरून लटकलेली.

लिफ्टवाला : ती कुठून आली?

लेक : तीही पडत होती. तळमजल्यावरून.

लिफ्टवाला : तळमजल्यावरून वर पडता येत नाही!

लेक : थाप कोण मारतंय? तुम्ही की मी?

लिफ्टवाला : मार, मार. पण नीट मार. पुढं?

लेक : बाई म्हणाली, अहो लिफ्टवाले, माझ्याकडे पाना नाही. तो म्हणाला, माझे सगळे काढून घेतले.

लिफ्टवाला : एका उद्धट पोरीनं.

लेक : मग दोघांनी हातानंच आवळला.

लिफ्टवाला : हातानं आवळलेला नट टिकत नाही. ढिला होतो परत.

लेक : म्हणून तर रोज येऊन बघावा लागतो. क्लास सुटला की. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून.

लिफ्टवाला : बाई रोज येणार?

लेक : बाई रोज येणार.

लिफ्टवाला : दमेल.

लेक : दमायला बाई काय चोर आहे?

लिफ्टवाला : ही बरी जमली. ही मी वापरीन.

दोरवाली : सुटली! ताई, दोरी सुटली! वर घेतोय, हात सोडू नका!

लेक : सोडत नाही! ...बाबा, एक सांगून ठेवते. जिन्याला कठडा बसवायचा. खालपासून वरपर्यंत. दोन्ही बाजूंनी.

लिफ्टवाला : तो जिना राहिला मग? पिंजरा झाला.

लेक : दोन्ही बाजूंनी.

लिफ्टवाला : पुलावरून उडी मारलेल्या माणसाला कठडा लागत नाही.

लेक : मारली कुठं? मी ढकललंय तुम्हाला. दोन्ही बाजूंनी, बाबा.

लिफ्टवाला : एका.

लेक : बाबा...

लिफ्टवाला : एकाच बाजूनं. डाव्या.