कोंडवाड्यात दोघं

—अगं पण मी कुठे ढकललं तुला, बाई? तू तुझ्या चार पायांनी आत शिरलीस, मी नुसता मागून टोपी हलवत होतो! आणि अशी पाठ फिरवून बसू नकोस. डुकरीण झाली म्हणून काय झालं, कुणी बोलत असताना निदान एक कान तरी इकडे करावा. फाटक मी लावलं नाही, ते वाऱ्यानं लागलं आणि बाहेरचा अडसर आपोआप पडला. आतून का उघडत नाही? कारण सतराव्या शतकात आतून उघडत नसे! मीच सांगितलं तसं. गावानं हा जुना कोंडवाडा दुरुस्त केला तेव्हा सुतार म्हणाला, ‘प्रोफेसर, आत एखादी कडी लावू का? कुणी अडकलं तर?’ मी म्हटलं, अरे बाबा, कोंडवाड्यात जनावरं कोंडतात, जनावरं कड्या काढतात का? तो म्हणाला, ‘बरं.’ नुसतं बरं. तेव्हा तो का हसत होता ते आत्ता कळतंय.

येईल कुणीतरी. सगळं टॅनरफील्ड गाव चर्चमध्ये बीन्सच्या जेवणाला बसलंय — वास येतोय ना? मलाही येतोय. भिंतीवरून उडी? माझं पोट बघ, तुझं बघ, आणि मग बोल.

तुला कल्पना नसेल, पण तुझ्या खापरपणजीवर मी पुस्तक लिहिलंय. दोन! जुन्या अमेरिकेचा इतिहासकार म्हटलं की लोक लढाया घेतात, जहाजं घेतात, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणारी मोठी माणसं घेतात. मी डुकरं घेतली. म्हणजे डुकरांचे कायदे. कुणाचं डुक्कर कुणाच्या मक्यात शिरलं, कुणी पकडलं, कुठे कोंडलं. आणि नियम काय? मालकानं इथे येऊन, सगळ्यांसमोर ‘हे माझं’ म्हटल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. किती साधा, किती सुंदर नियम! कॉलेजात मुलं मागे बसून खीः खीः करायची. निरोपाच्या जेवणात सहकाऱ्यांनी मला काय दिलं? चिनी मातीचं डुक्कर. गुलाबी. तू हसू नकोस, तू पण गुलाबीच आहेस.

आणि हे लोढणं — हे बघ, तीन लाकडं, हे तुझ्यासाठी केलं होतं, जुन्या मापानं. हे गळ्यात असलं की कुंपणातून शिरता येत नाही. दुखत नाही काही, घाबरतेस कशाला, हे बघ मी घालून दाखवतो — असं मान घालायची, अशी खुंटी बसवायची — बघ! कसं शोभतंय! आणि काढताना खुंटी अशी... अशी... थांब हं. लाकूड ओल्या हवेनं फुगलंय वाटतं. असू दे. राहू दे थोडा वेळ.

खरं तर मोकाट डुकरं पकडायचं काम गावाच्या डुक्करपाटलाचं. मी म्हणजे डुक्करपाटील! मार्चच्या ग्रामसभेत हात वर करून निवडतात, आणि कुणाला? त्या वर्षी ज्याचं लग्न झालं त्याला. तीनशे वर्षांची थट्टा आहे ती. काल मिसरूड फुटलेली पोरं पाटील व्हायची, त्यांना लोढणं म्हणजे काय तेही ठाऊक नसे, आणि मी, ज्यानं सगळं आयुष्य या पाटीलकीवर घालवलं, तो ब्रह्मचारी म्हणून मागच्या बाकावर! कसं वाटत असेल? म्हणून — आता तू कुणाला सांगणार आहेस — म्हणून डिसेंबरात मी ग्रंथालयातल्या डेल्फीनला मागणी घातली. ती म्हणाली, ‘ऑल्डन, इतक्या वर्षांनी आत्ताच कसं सुचलं?’ मी म्हटलं, तुझ्यावाचून करमत नाही. थाप! ती म्हणाली जूनमध्ये करू, फुलं असतात. मी म्हटलं, बर्फातही लग्न छान दिसतं. फेब्रुवारीत उरकलं. बिचारीचे बूट भिजले.

आता खरी गंमत सांगू? निवडून आलो, टाळ्या पडल्या, आणि घरी येऊन पाटीलकीची काठी कुठे ठेवली तेच विसरलो. कारण डेल्फीन पेपर वाचून दाखवत होती. आवाज काढून वाचते ती, नगराध्यक्षाचा वेगळा, हवामानाचा वेगळा. गेल्या आठवड्यात बहिणीकडे गेली तर मी रोज सकाळी दोन कप कॉफी ओतत होतो. दुसरा कुणासाठी? — म्हणजे ती थाप पुढे खरीच झाली की नाही? हे तिला सांगितलंय का? छे! हे सांगायचं तर आधीचंही सांगावं लागेल, आणि मग ती सरळ बहिणीकडे — तू फाटकाकडे काय बघतेस सारखी?

डेल्फीन!

कधी आलीस? ‘ब्रह्मचारी’पासून? म्हणजे बूटसुद्धा... नाही, थापेच्या पुढचं ऐकलंस ना? कॉफीचं? हसतेस का रडतेस, या फटीतून धड दिसत नाही. हे? हे लोढणं आहे, अडकलंय, ते नंतर. आधी अडसर काढ. — हो, डुकरिणीला जाऊ दे, ती मिसेस पेरिंग्टनची, त्यांनी तुझ्यापाशी ‘हे माझं’ असा निरोप दिला असेल तर नियमात बसतं. जा बाई, जा, लक्षात ठेव, कुंपणं लोकांची असतात.

अगं, फाटक परत का लावलंस? मी आत आहे!

नियम? कुठला नि... हो. माझ्याच पुस्तकातला. मालकानं येऊन ‘हे माझं’ म्हटल्याशिवाय... मग म्हण ना, डेल्फीन. दोनच तर शब्द आहेत. जनावरानं स्वतः म्हटलेलं चालत नाही, नाहीतर मीच म्हटलं असतं. म्हण ना.

काय? आधी मी गप्प बसायचं, मग तू म्हणणार?

कायमचं नाही ना? — बरं, बरं. बसलो.