सावोन, स्टीव्हन्सन आणि लेकीची सोयरीक

हॅलो?… हो, मीच… कसली बैठक नि कसलं काय, नेरेइदा! आपल्या यायमाराला मागणी घालायला व्याही सांतियागोहून हवानापर्यंत बसने हाडं खिळखिळी करून आले… हो, दारिएलचे वडील, बासिलिओ… आणि तुझे भावोजी त्यांच्याशी भांडून बसले!

अगं ऐक ना… देण्याघेण्यावरून कशाला? बॉक्सिंगवरून! फर्मीन म्हणाला, स्टीव्हन्सनसारखा बॉक्सर जगात झाला नाही. ते म्हणाले, सावोनपुढे कुणी नाही… हो ना! दोघांनाही ऑलिंपिकची तीन-तीन सुवर्णपदकं, मग भांडता कशाला, असं म्हटलं तर दोघं माझ्याच अंगावर आले!

मग बेसबॉल निघालं… निघणारच की! ह्याचा लाडका खेळाडू लिनारेस, त्यांचा किंदेलान. फर्मीनने टेबलावर मूठ आपटली आणि कॉफी सगळी माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर…

आता? गेलेत पार्के सेंत्राल बागेच्या कोपऱ्यावर. तिथे ते बाप्ये दिवसभर नाकाला नाक लावून ओरडत असतात ना, बेसबॉलवरून? तिथे म्हणे निकाल लावायचा!… दारिएलही गेलाय मागोमाग. तो काय सोडवणार भांडण? गरीब पोर!

यायमारा? जाताना दारिएलच्या कानाशी काहीतरी कुजबुजली आणि न्हाणीघरात कडी लावून बसली. मुसमुसतेय… नाही गं, ती दुसऱ्या कुणाशी लग्न करायची नाही. इकडे डुक्कर भाजतंय, केळ्याचे काप तळायचेत, आणि खायला माणसं राहतायत की नाही देव जाणे…

थांब, थांब. सज्ज्यातून बघते, पुरतेय वायर… अगंबाई! गळ्यात गळे घालून येतायत! आणि बासिलिओंच्या डोक्यावर फर्मीनची निळी टोपी!… हो ना, सांतियागोचा माणूस आणि हवानाच्या टीमची टोपी!

फर्मीन! अरे झालं काय?… काय?… कोण म्हणालं?… दारिएल?… अरे देवा!

नेरेइदा, ऐकलंस? दारिएल त्या कोपऱ्यावर, सगळ्यांच्या मधोमध उभा राहून म्हणाला, बॉक्सिंग नि बेसबॉल म्हाताऱ्यांची करमणूक, खरा खेळ फुटबॉल!… तिथे, हो, तिथेच! मग काय, दोघांनी मिळून धुतला त्याला… तोंडाने गं! आता दोघं सख्खे भाऊ.

बासिलिओ खालून ओरडतायत, "विहीणबाई, पोरगी आम्हाला द्या, पोरगा तुम्ही ठेवा! सुधारला तर सुधारला!"… ठरलं गं, ठरलं! रडू येतंय मला…

यायमारा, कडी काढ! ठरलं तुझं! दारिएलने मात्र फुटबॉलचं नाव काढून… काय?… तूच सांगितलंस त्याला? कानात ते?… म्हणजे मघापासून आत हसत होतीस होय गं!

नेरेइदा, ही कुणावर गेलीय सांगू? तुझ्यावर!… हसू नकोस. ठेव आता, डुक्कर करपतंय माझं!