खालची रुसकी

— नाही हो ताई, आज नको, आज वाट निसरडी असेल. बसा ना, ते खताचं पोतं सरकवा आणि बसा स्टुलावर. खालच्या झुडपाचा पराग आणायला मॅडमनी पाठवलंय, वाचली मी चिठ्ठी — पण आधी आमच्या ह्या कुंड्या तर बघा. नऊच्या नऊ फुलावर! डोंगरावर दोनच झुडपं उरली होती, एक वर कड्याजवळ, एक खाली ओढ्याला, आणि कलम कोणाच्याच हाताला येईना. माझ्या हाताला आलं. रुसकी हे नावही माझंच — पाणी जास्त झालं की रुसणार, कमी झालं की रुसणार, अगदी आमच्या — जाऊ दे, ही आतून ऐकेल.

बी? नाही धरत. कसं धरेल? सगळी एकाच आईची, वरच्या झुडपाची, आणि हिला पराग लागतो दुसऱ्या झुडपाचा. वरचं तर गेल्या वर्षी कड्यासकट कोसळलं. म्हणजे आता खालचीच हवी. हवीच ना — मी कुठे नाही म्हणतोय?

अहो, उठताय कशाला? तिथे काही नाहीये. म्हणजे आहे — काटक्या आहेत. झालं, बोललो एकदाचा.

मॅडमनी बजावलं होतं, खालचीला हात लावू नका, अशक्त आहे. पण वरच्याची कलमं धरली आणि मी हवेत. सकाळी इथे गुलाब छाटले होते, रोगट, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत होत्या — आणि तीच कात्री खिशात घालून गेलो. स्पिरिटची बाटली? ती इथेच, फळीवर. तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवतोय, झाड बदललं की पातं पुसा, पातं पुसा — आणि स्वतः न पुसता तिच्या तीन फांद्या घेतल्या. तिन्ही कलमं कुजली ती कुजलीच, पण पंधरा दिवसांत तीही शेंड्याकडून काळी पडायला लागली. रोज जायचो, काळं कापायचो, आता मात्र पातं पुसून बरं का — बैल गेला आणि झोपा केला.

मॅडमना? नाही सांगितलं. दोन वर्षं झाली. त्यांचे गुडघे गेलेत, त्या चढून बघायला येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक — त्यावरच तर जगतोय मी. दर महिन्याला विचारतात, खालची कशी आहे? मी म्हणतो, छान आहे. आणि त्या जगाला सांगत फिरतात, ह्या माणसाने झाड वाचवलं म्हणून. लाज वाटते हो. त्यांनी नाव घेतलं की मान वर होत नाही माझी.

नाही, नाही, तुम्ही नका सांगू त्यांना. माझ्याच तोंडून जायला हवं. लावा फोन, लावा, आत्ताच होऊन जाऊ दे. द्या इकडे — हां, मॅडम, मीच. हो, पोचल्यात ताई. खालची ना, मॅडम, त्याचं असं झालं की — अं? वाट बघताय? — हो... हो, आहे की. कळ्या धरल्यात चांगल्या. नाही, आज नाही जमायचं, ताईंचाच पाय मुरगळलाय. हो, सांगतो. काळजी घ्या.

असं बघू नका माझ्याकडे. घ्या तुमचा फोन. जा आता, मला कुंड्यांना पाणी घालायचंय.