फेस आला म्हणजे काम झालं!

…नाई, मले एक सांगा, साळ्यानं दाजीच्या जखमेले हात लावावाच काऊन? पाय माहा, जखम माही, अन् डाक्टर हा! आता तुमी म्हणसान, भाऊ, आल्या आल्या एवढा काऊन कावून राह्यला? तर आयका. सोयाबीन सोंगता सोंगता इळा निसटला अन् बसला डाव्या पायाच्या आंगठ्याजवळ. दोन बोटं लांब चिरा! वावरात शेंगा तडकून राह्यल्या, मजूर भेटत नाई, अन् मालक बांधावर लंगडी खेळते! चार दिवसांत उभा नाई झालो तर सारे दाणे मातीत… समजलं ना?

अन् तेवढ्यात बायकोचा भाऊ हजर. उकंडराव. ह्या माणसाले औषध म्हणजे एकच माहीत, फवारणीचं! कुठून तरी हायड्रोजन पेरॉक्साईडची बाटली आणली, ओतली जखमेवर, अन् असा फेस निघाला, असा फेस… चुलीवर दूध उतू जाते तसा! मी बोंबललो. हा काय म्हणे? "दाजी, इख निघून राह्यलं, इख! फेस आला म्हणजे काम झालं!"

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ काम झालं, काम झालं… अन् जखम? तशीच तोंड वासून पडून! चौथ्या दिवशी तर कहरच. आपण नाई का, अळीचं, बुरशीचं अन् टॉनिक एकाच पंपात मिसळून मारत? तसं ह्या शहाण्यानं वाटीत आयोडीनचं औषध अन् पेरॉक्साईड एकत्र केलं! "दोनदा काऊन चक्कर मारा, दाजी?" अबे, पाय हाय का कपाशीची पऱ्हाटी? वाटी फेसाळली, उतू गेली, अन् आमची विमल टाळ्या पिटून म्हणते, "पाह्यलं? माह्या भावाच्या हाताले गुण हाय!"

शेवटी लंगडत गेलो उपकेंद्रात, संजीवनी सिस्टरकडं. तिनं कपाळालेच हात लावला. "काका, पेरॉक्साईड रक्ताला लागलं की त्याचं पाणी अन् ऑक्सिजन होतो. फेस म्हणजे नुसता वायू! रोज ओतलं तर येणारं नवं मांसच जळतं. अन् आयोडीनमध्ये मिसळलं की दोघं आपसातच भांडून संपतात, जंतू बसतात मजा पाहत!" साबण-पाण्यानं धुतलं, आयोडीन पुसलं, धनुर्वाताचं इंजेक्शन ठोकलं. ना फेस, ना तमाशा. आठ दिवसांत पाय उभा… पण अर्धं सोयाबीन तवर मातीत!

अन् गावात नाव कोणाचं? उकंडरावचं! "फेस आला म्हणजे काम झालं," म्हणून पारावर सांगून राह्यला लेकाचा!

परवा त्याचाच हात पत्र्यानं फाटला. मी धावत बाटली आणली. खोटं काऊन बोलू, लय आनंद झाला मले! तर हा हात पाठीमागं लपवते. "नाई दाजी, मले सिस्टरकडं न्या!"

"काऊन? फेस नाई पाह्यजे?"

म्हणे, "दाजी, नवं औषध कोणी पहिलं आपल्या वावरात मारते का?"

…घ्या!